आमच्या क्वार्टरमधले इंग्रज

देहूरोड म्हणजे देहू नव्हे, हे परगावच्या माणसाला एकदा तरी समजावून सांगावे लागते. देहूला तुकोबा, देहूरोडला छावणी, ऑर्डनन्स डेपो आणि पुणे-लोणावळा लोकलचे स्टेशन. दर्शनाला निघालेली मंडळी आमच्या स्टेशनावर उतरतात आणि ‘देऊळ कुठं आहे हो?’ म्हणून विचारतात. ‘अजून बरंच पुढं,’ असे सांगून त्यांचा चेहरा पडताना पाहणे, एवढी एकच करमणूक आमच्या गावात फुकट मिळते.

बाकी गाव साहेबाचे. साहेब गेला, पण जाताना कँटोन्मेंट, क्वार्टर, मेस, परेड असे शब्द आमच्या तोंडी ठेवून गेला. पुढे त्याची पालही आपल्या घरात शिरली. भिंतीवरची नव्हे, टीव्हीतली. रंगीत चित्र पाठवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. अमेरिकेची एनटीएससी आणि इंग्लंडची पाल. ही पाल मूळची जर्मन. १९८२ साली एशियाडच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले, तेव्हा आपणही तीच घेतली. त्यामुळे अमेरिकेतल्या मावसबहिणीने कौतुकाने पाठवलेली बारशाची कॅसेट आमच्या व्हीसीआरवर नुसती थरथरत असे. बाळ कोणते आणि पाळणा कोणता, ते शेवटपर्यंत कळले नाही. इंग्लंडची कॅसेट मात्र घरच्यासारखी चाले.

हे सगळे सांगायचे कारण, १९९७ च्या पावसाळ्यात आमच्या हिने फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीतून दोन कॅसेटी आणल्या. ही इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली. पिशवीत पालेभाजी, पालेभाजीखाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’. बीबीसीने १९९५ साली केलेली सहा भागांची मालिका, अँड्र्यू डेव्हिसने लिहिलेली. इंग्लंडात तिचा शेवटचा भाग टीव्हीवर लागायच्या आधीच कॅसेटी बाजारात आल्या आणि पहिले १२,००० संच दोन तासांत संपले, ही माहिती हिनेच पुरवली.

“म्हणजे दोन दिवस थांबलं तर फुकट दिसणार होतं ते लोकांनी विकत घेतलं?” दादांनी विचारले. दादा म्हणजे आमचे वडील. डेपोत अप्पर डिव्हिजन क्लार्क. इंग्रजांविषयीचा त्यांचा आदर त्या दिवशी निम्म्यावर आला.

दादांचे खरे दैवत डेपोचे कमांडंटसाहेब. दर दोन-तीन वर्षांनी कमांडंट बदलत, भक्ती तीच राहात असे. ‘आज साहेब मला स्वतः म्हणाले’ हे वाक्य ऐकल्याशिवाय आमच्या घरी भात वाढला जात नसे.

स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापडाने व्हीसीआरचे हेड पुसून मी कॅसेट लावली. आई निवडायला लसूण घेऊन बसली. आईचे इंग्रजी ‘थँक्यू’पाशी सुरू होऊन ‘टाइमटेबल’पाशी संपते. ही मधूनमधून कॅसेट थांबवून मराठीत सांगू लागली. दहा मिनिटांनी आई म्हणाली, “सारखं थांबवू नकोस गं. पाच मुली आहेत, हुंडा नाही आणि बापाला काळजी नाही. ह्यात न कळण्यासारखं काय आहे?”

मग पात्रांची बारशी झाली. मिसेस बेनेट झाली ‘वरमाय’, डार्सी झाला ‘तोंडपाड्या’ आणि लेडी कॅथरीन ‘कडक सासू’. डार्सीचे उत्पन्न वर्षाला दहा हजार पौंड, हे ऐकल्यावर दादांनी आकडेमोड केली. “महिन्याला आठशे तेहेतीस पौंड, सहा शिलिंग, आठ पेन्स. डीए धरून का?”

डार्सीला डीए नसतो, हे त्यांना पटले नाही.

बेनेटांची इस्टेट मुलींना न मिळता कॉलिन्स नावाच्या लांबच्या भाऊबंदाला जाणार, ही भानगड समजायला एम.ए.च्या विद्यार्थ्यांना एक अख्खा तास लागतो म्हणे. आईने लसणाची एक पाकळी सोलून होईपर्यंत ती समजून घेतली. ही कादंबरी १८१३ ची. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ साली झाला. त्यातूनही आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. म्हणजे आई वगळली होती. तिने त्याबद्दल काही म्हटले नाही. नुसती म्हणाली, “अरे, त्या कॉलिन्सला आमच्या माहेरचा वाडा दाखवायला हवा होता.”

चौथ्या भागात डार्सी तळ्यात उडी मारून ओल्या सदऱ्याने समोर येतो. मूळ पुस्तकात हे नाही. पण कॉलिन फर्थ जगभर गाजला तो ह्या सदऱ्यामुळे. आमची ही एकदम गप्प झाली. मी म्हटले, “जुलै महिन्यात देहूरोड स्टेशनावर संध्याकाळच्या लोकलमधून निदान दोनशे माणसं अशीच उतरतात.” हिने माझ्याकडे आणि मग माझ्या पोटाकडे पाहिले आणि काही न बोलता आवाज वाढवला.

मालिका दोन रात्रींत संपली. सगळ्यांची लग्ने लागली, सगळ्यांना समाधान वाटले. मी कॅसेट उलटी गुंडाळत होतो. तेवढ्यात आईने विचारले, “त्या शार्लटचं पुढं काय झालं?”

शार्लट ही एलिझाबेथची मैत्रीण. सत्तावीस वर्षांची, दिसायला बेताची. कॉलिन्स हा पाद्री. बोलू लागला की थांबत नाही, आणि बोलतो ते सगळे लेडी कॅथरीनच्या थोरवीबद्दल. एलिझाबेथ त्याला नकार देते आणि तीन दिवसांच्या आत शार्लट त्याला होकार देते.

“तिनं तडजोड केली,” ही म्हणाली. एम.ए.ला असेच शिकवतात.

“तडजोड काय?” आई म्हणाली. “तिला घर हवं होतं. मला चोविसावं लागलं होतं. पाठीवर दोन बहिणी. पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. ह्यांचं स्थळ आलं. सरकारी नोकरी, राहायला क्वार्टर. वडिलांनी विचारलं, काय सांगू? म्हटलं, हो सांगा.”

खोलीत फक्त कॅसेट फिरल्याचा आवाज येत होता. वातावरण हलके करण्यासाठी हिने सांगितले, की जेन ऑस्टिनची सख्खी आत्या, फिलाडेल्फिया, १७५२ साली एकटी बोटीत बसून हिंदुस्थानात आली आणि पुढच्या वर्षी मद्रासेकडे कडलोरला तिने एका डॉक्टरशी लग्न केले. तिकडे हुंड्यावाचून अडलेल्या मुलींना तो एक मार्ग होता.

“एवढे महिने बोटीत,” आई म्हणाली. “माणूस कसा असेल, ह्याचा विचार करत. मी देहूरोडपर्यंत केला तेवढाच पुष्कळ झाला.”

दादांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ही मात्र अस्सल देशी पाल. “म्हणजे तो पाद्री म्हणजे मी?” त्यांनी विचारले.

“छे हो! तुम्ही उंच आहात,” आई म्हणाली.

दादांना बरे वाटले असते. पण लग्नानंतरची शार्लट त्यांनी नीट पाहिली होती. ती नवऱ्याला बागेत काम करायला उत्तेजन देते, कारण बागकाम प्रकृतीला चांगले. स्वतः बसायला मागची खोली घेते; पुढची चांगली खोली घेतली, तर नवराही तिथेच येऊन बसेल म्हणून. आमच्या क्वार्टरमागे दादांचे वांग्यांचे वाफे होते. डेपोतून आल्या आल्या ‘जा, वांग्यांना पाणी घालून या,’ हे आईचे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. पावसाळ्यातसुद्धा.

दुसऱ्या दिवशी रविवार. पाच वाजता पाऊस थांबला, पण दादा वाफ्यांकडे गेले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “बसू का इथं?” अख्ख्या क्वार्टरचे भाडे स्वतःच्या पगारातून कापून देणारा माणूस ‘बसू का’ असे विचारताना मी पहिल्यांदाच पाहिला.

आईने वर पाहिले नाही. पाट पुढे सरकवला. “बसा. आणि हा लसूण सोला. साहेबांचं मात्र सांगू नका.”

जपानमधली शेवटची कंपनी २०१६ साली व्हीसीआर बनवायची थांबली. आता डार्सी मोबाइलवरच तळ्यातून बाहेर येतो आणि आमची ही अजूनही आवाज वाढवते. कॉलिन्स पुढे कधी शार्लटच्या मागच्या खोलीत येऊन बसला की नाही, ते ऑस्टिनबाईंनी लिहिलेले नाही. देहूरोडला बसला होता. लसूण मात्र त्याला शेवटपर्यंत धड सोलता आला नाही.