दोन पातेली

एकादशीच्या फराळाचे ताट एकदा निरखून पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, बटाटा तिकडचाच, शेंगदाणाही तिकडचाच, आणि मिरचीचे माहेर त्याच खंडांत. कोलंबसापूर्वी यांपैकी एकही वस्तू पंढरीच्या वाटेवरील कोणाच्या जिभेस लागली असण्याचा संभव नाही. तरी आज भाताच्या घासाने उपवास मोडतो आणि बटाट्याच्या मोडत नाही. आमच्या स्वयंपाकघरांचे परवाना-खाते सरकारी खात्यांहून पुष्कळ उदार आहे, यात संशय नाही. पण ते सर्वांशीच उदार नाही. आणि हा लेख लिहिण्यास कारण तेच.

गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. आमचे कुटुंब माहेरी गेलेले, घरात आम्ही व मातुश्री अशी दोनच माणसे. मातुश्रींचे वय ऐंशीच्या पलीकडे, गळ्यात तुळशीची माळ, सायंकाळी हरिपाठ. अशा वेळी पुण्याहून आमची भाची आली. वय सव्वीस, नोकरी उत्तम, आणि 'सोपे आहे' या दोन शब्दांवर अढळ निष्ठा. "मामा, आज रात्रीचे जेवण माझ्याकडे. पास्ता करते. अर्ध्या तासात होतो," असे म्हणून तिने पिशवीतून पास्त्याचा पुडा, लसणाचे गड्डे आणि तांबड्या वाईनची एक बाटली काढून ओट्यावर मांडली. बाटली तिने मांडली तशीच आम्ही ती उचलून डब्यांच्या मागे सारली. हात आपोआपच गेला.

पुड्याबद्दल मात्र कोणाचीच हरकत नव्हती. मातुश्रींनी त्यातील एक नळी हातात घेतली, उजेडाकडे धरली, तिच्यातून आरपार पाहिले आणि विचारले, "या बोटव्यांना भोके कुणी पाडली?" आमच्या मते इटलीच्या या पदार्थाचे इतके अचूक वर्णन दुसरे होणार नाही. लग्नाच्या आधी आमच्याकडे बायका वळवट करावयास बसत. गव्हले, नखुल्या, मालत्या, बोटवे असे प्रकार हातांनी वळीत. तिकडेही तेच. धान्याच्या दाण्यासारखा जो पास्ता असतो त्याला ते 'ओर्झो', म्हणजे जव, म्हणतात. वाटीसारख्या वळलेल्या तुकड्याला 'ओरेक्किएत्ते', म्हणजे इवलेसे कान. आम्ही नखावर थांबलो, ते कानापर्यंत गेले, एवढाच भेद. गहूसुद्धा परका नव्हे. सुका पास्ता ज्या कठीण गव्हाच्या रव्याचा करावा असे इटलीने १९६७ च्या कायद्याने ठरवून टाकले, त्याच जातीचा बन्सी गहू आपल्या दख्खनच्या काळ्या रानात पिकत आला आहे. आणि ज्या खपलीची खीर आपण करतो तिला ते 'फार्रो' म्हणून सूपात घालतात. पास्ता मार्को पोलोने चीनहून आणला अशी एक दंतकथा आहे, ती कोणी सांगू लागल्यास ऐकू नये. मार्को पोलो जन्मण्याच्या शंभर वर्षे आधी, ११५४ साली, अल्-इद्रीसी या अरब भूगोलकाराने सिसिलीत पिठाच्या शेवया होतात व जहाजांनी देशोदेशी जातात असे लिहून ठेवले आहे.

कृती खरोखरच सोपी निघाली. माणशी शंभर ग्रॅम पास्ता, त्यास एक लिटर पाणी, आणि पाण्यात आपल्या आमटीला लाजवील इतके मीठ. पाणी खळखळल्यावरच नळ्या सोडाव्यात व दाताला किंचित लागतील इतपतच शिजवाव्यात; चकोल्यांसारख्या मऊ करू नयेत. दुसऱ्या शेगडीवर तेलात लसूण, मग बारीक चिरलेले टोमॅटो. ऑलिव्हचे तेल घरी नव्हते, शेंगदाण्याचे होते. सोलापुरात ते असणारच, आणि त्याने काही बिघडत नाही. ज्या पाण्यात पास्ता शिजला त्यातील एक पळी टोमॅटोत घालावी, म्हणजे रस दाट होतो. भाताची पेज टाकून न देणाऱ्या घरात हे शिकवावे लागत नाही.

येथवर सारे सुरळीत चालले होते. मग भाचीने डब्यांमागची बाटली पुन्हा पुढे काढली. "याच्यात पाव वाटी वाईन पडली की खरी चव येते," ती म्हणाली. आतल्या खोलीत हरिपाठ चालू होता. आम्ही दाराकडे पाहिले. तिने ते ओळखले व आवाज उतरवून म्हणाली, "मामा, उकळली की उडून जाते. आजीला कळणारही नाही."

बाटलीवर अकलूजचे नाव होते. आपल्याच जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात, नीरेकाठच्या ऊसमुलखात, इटलीचे दोन बंधू, दिल्लीचे दोन बंधू आणि अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यातील दोन बंधू यांनी मिळून २००७ साली हा उद्योग उभारला. नावही 'फ्रातेल्ली', म्हणजे इटालियन भाषेत 'बंधू'. तस्कनीहून पिएरो मासी नावाचे जाणते मद्यकार आले, आणि तस्कनीचीच सांजोव्हेसे नावाची काळी द्राक्षे माळशिरसच्या मातीत रुजली. द्राक्षे या जिल्ह्यास नवी नव्हेत. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी जी लांब मण्यांची जात निवडून वाढविली तिच्या 'सोनाका' या नावातच सोलापूर, नान्नज व काळे ही तिन्ही नावे बसली आहेत. पण ती खावयाची द्राक्षे, बिनबियांची व पातळ सालीची. वाईनची द्राक्षे लहान, बियाळ, जाड सालीची. टोपलीत घालून कोणाला भेट द्यावी अशी नव्हेत. सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण काढून या धंद्यास उत्तेजन दिले, आणि २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाईन ही दारू की नव्हे यावर राज्यभर खडाजंगी झाली. शेतकऱ्याचे हित एका बाजूस, संसारांची धूळधाण दुसऱ्या बाजूस. दोन्ही बाजूंचे वक्ते मोठ्या आवेशाने बोलले. आमच्या मातुश्रींना कोणी विचारले नाही.

विचारले असते तर त्यांनी आपल्या भावाची गोष्ट सांगितली असती. आमचे हे मामा गिरणीत साचेखात्यात होते. हात कुशल, स्वभाव लाघवी. पगाराच्या दिवशी भोंगा होण्याच्या आधीच मामी आणि तेव्हा लहान असलेल्या आमच्या मातुश्री गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहत. मामा दुसऱ्या फाटकाने निघून जात. त्या फाटकापासून गुत्ता जवळ होता. मामा चाळिशीच्या आत गेले, आणि मामीने पुढची पंचवीस वर्षे विड्या वळल्या. मातुश्रींपाशी या सर्वासाठी एकच शब्द आहे, आणि तो शब्द वाईन, बिअर असा वर्गवारीने फुटत नाही. ज्याने गुत्त्यासमोर उभे राहून भावाची वाट पाहिली त्याने द्राक्षाचा रस कोणता व मळी कोणती याचा विवेक का म्हणून करावा?

शिवाय भाचीचे म्हणणे खरेही नव्हते. अमेरिकन शेतीखात्याने तपासून काढलेले आकडे असे आहेत की, रस्सा १५ मिनिटे शिजविला तरी त्यातील मद्यार्कापैकी सुमारे ४० टक्के अंश उरतो. अडीच तास शिजविल्यावरही ५ टक्के राहतो. पण खरे सांगावयाचे तर, सारा मद्यार्क उडून गेला असता तरी आमचे उत्तर बदलले नसते. आम्ही तिला म्हणालो, "कळणार नाही म्हणूनच घालायची नाही. कळणार असते तर आपण तिला विचारले असते." ती क्षणभर गप्प राहिली. मग तिने फळीवरून दुसरे पातेले काढले, निम्मा रस्सा त्यात वेगळा केला, आणि उरलेल्यात पाव वाटी वाईन ओतली. फसफसून आलेला तो वास फार सुरेख होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

हरिपाठ संपवून मातुश्री आल्या. त्यांनी शेगडीकडे पाहिले. "दोन पातेली कशाला?"

भाचीने आमच्याकडे पाहिले. आम्ही सांगितले, "एकात वाईन घातली आहे. हे तुझे, यात नाही."

"आणि बाटली कुठे आहे?"

ती पुन्हा डब्यांमागे गेलेली होती; या वेळी भाचीच्या हाताने. आम्ही ती काढून मेजावर ठेवली. मातुश्रींनी चष्मा लावून कागदावरची अक्षरे निरखली. इंग्रजी त्यांना येत नाही; भाचीने वाचून दाखविले.

"अकलूज?" मातुश्री म्हणाल्या. "तिथे तर तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो. रिंगण होते. मी दोनदा पाहिले आहे." मग थोडे थांबून, "ही केवढ्याला?" भाचीने किंमत सांगितली. "आणि द्राक्षवाल्याला त्यातले किती?" याचे उत्तर आमच्यापैकी कोणापाशी नव्हते, आणि त्यांनीही ते मिळेल अशी अपेक्षा केलेली दिसली नाही.

ताटे वाढली. मातुश्रींनी आपल्या पास्त्यावर चमचाभर शेंगाचटणी घेतली, साजूक तूप घेतले, आणि चकोल्या थोड्या कच्च्या राहिल्या असा अभिप्राय दिला. चटणी आम्हीही घेऊन पाहिली. किसलेल्या चीजपेक्षा ती या पदार्थास अधिक शोभते असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि इटलीकरांनी वाटल्यास सोलापुरास येऊन त्याची परीक्षा करावी. आमच्या व भाचीच्या पेल्यांत वाईन होती. मातुश्रींनी पाट हलविला नाही, की तोंड फिरविले नाही. जेवण अर्ध्यावर आले तेव्हा एवढेच म्हणाल्या, "प्यायची तर प्या. पण संपवायचीच म्हणून संपवू नका. तो बाटलीत थेंब असेपर्यंत उठत नसे."

आम्ही पेला खाली ठेवला. भाचीने बाटलीला बूच लावले. ती निम्म्याहून थोडी अधिक भरलेली होती. शीतकपाटात ठेवावी म्हणून तिने दार उघडले, तोच आतून मातुश्रींचा आवाज आला, "नैवेद्याच्या दुधाजवळ नको गं." तेव्हा ती तेलाच्या बरणीशेजारी, सर्वांस दिसेल अशी उभी राहिली. मातुश्रींनी आपले पातेले स्वतः घासले. दुसऱ्यास त्यांनी हात लावला नाही; ते आम्ही घासले.