वर्षांचा पंचनामा

आमच्या सोलापूर जिल्ह्यात गारपीट झाली की दुसऱ्या दिवशी बांधावर पहिली चौकशी होते ती तलाठ्याची. द्राक्षं, डाळिंबं मातीत पडलेली असतात आणि शेतकरी पंचनाम्याची वाट बघत उभा असतो. हेक्टरी दर ठरलेला असतो. मदत तुटपुंजी असते, उशिरा येते. पण नुकसान झालं, एवढं तरी सरकारी कागदावर चढतं. त्या एका ओळीचाही माणसाला आधार वाटतो.

माणसाची वर्षंच झोडपली गेली, तर पंचनामा कोण करणार?

२००३ सालच्या एका भीषण गुन्ह्यात महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींमधल्या सहा मजुरांना अटक झाली. त्यांतला एक तर अल्पवयीन होता. जखमी साक्षीदाराने आधी पोलिसांकडच्या फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं. त्यांचा तपास झालाच नाही. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे त्याच कोर्टाने तो निकाल मागे घेतला, ५ मार्च २०१९ रोजी त्यांना निर्दोष सोडलं आणि राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सांगितलं. १६ वर्षांनी भागून पाहिलं. दिवसाला ९० रुपयेसुद्धा पडत नाहीत.

सोलापुरातल्या सेटलमेंट फ्री कॉलनीवरून जाताना मला ते सहा जण आठवतात. १८७१ पासूनच्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांना याच शहरात तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेतली जायची. १९५२ मध्ये तो कायदा गेला. संशय मात्र गेला नाही.

१९८३ च्या रुदुल साह खटल्यापासून कोर्टं अशी भरपाई देत आली आहेत, पण ज्याचं त्याचं नशीब. विनाकारण अटकेबद्दल फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आजही कमाल १००० रुपयांचीच तरतूद आहे. २०१८ मध्ये विधी आयोगाने कायद्यात भरपाईची खास तरतूद सुचवली. ती अजून झालेली नाही.

गेलेली वर्षं पैशाने भरून येत नाहीत, हे खरं. म्हणून त्यांची नोंदही करायची नाही? पंचनाम्यात गट नंबर असतो, बाधित क्षेत्र असतं. तसाच एक कागद हवा: नाव, अटकेची तारीख, सुटकेची तारीख, मधली वर्षं. आणि खाली, कुणी हात जोडून न मागता, सरकारची सही.