तबकडी आणि घासाघीस

जुन्या रेकॉर्डी घ्यायच्या म्हणजे आमच्या वेळी आधी पहाटे उठावं लागे. मुंबईत शुक्रवारी चोर बाजारातला जुम्मा बाजार, पुण्यात बुधवारी नि रविवारी जुना बाजार. उजाडताना पोचलं तर माल आपला, ऊन चढल्यावर गेलं तर दुसऱ्यांनी चाळून टाकलेला. आता अंथरूण सोडायचीही गरज नाही. रात्री इन्स्टाग्रामवर फोटो पडतो, खाली जो आधी 'बुक' लिहील त्याची रेकॉर्ड, की यूपीआयवरून पैसे रवाना. तेव्हा उशिरा उठणाऱ्याची रेकॉर्ड जायची, आता हळू टाइप करणाऱ्याची जाते.

रेकॉर्ड पारखणं हा तेव्हा एक विधीच होता. कव्हरातून काढताना कडा तळव्यात धरायची, खोबणींना बोट लागू द्यायचं नाही. मग ती उन्हाकडे तिरकी करायची. ओरखडा नुसता दिसतोय की नखाला लागतोय, यावर पुढची बोलणी ठरत. मधल्या भोकाभोवती लेबलावर बारीक रेघांचं जाळं दिसलं की समजायचं, आधीच्या मालकाने भरपूर वाजवलेली आहे. लाखेची 78 आरपीएमची असेल तर माठ वाजवून घ्यावा तशी टिचकी मारून पाहायची; बद्द आवाज आला की तडा. शेवटी कव्हराचा वास घ्यायचा, कारण पावसाळ्यातली बुरशी डोळ्यांआधी नाकाला कळते.

आता या सगळ्या उपद्व्यापाची दोन अक्षरं झाली आहेत. 'व्हीजी प्लस' म्हटलं की ओरखडे किती, 'मिंट' म्हटलं की नाहीतच. रेकॉर्ड कव्हराबाहेर काढून, पुठ्ठ्यांत घालून, बबल रॅपमध्ये गुंडाळून येते. प्रवासात हलून तिने कव्हराची शिवण फाडू नये एवढी काळजी विकणारा घेतो. खराब निघाली तर बहुतेक जण परतही घेतात.

आमच्या वेळी परत? लता-रफीच्या कव्हरात एखाद्या नाटकाची एलपी निघाली तर तो आमचा योग. दुकानातल्या प्लेअरच्या दांडीवर एक नाणं चिकटवलेलं असे. त्या वजनाखाली सुई मुकाट्याने खोबणीत राही, ओरखडा कितीही खोल असो. नाणं नसलेल्या आपल्या प्लेअरवर लावली, की एकाच ओळीवर अडून बसे. आवडती एक हवी तर सोबत नको असलेल्या दहांचा लॉट गळ्यात पडे. आणि तरी "साहब, ये तो घर के लिए रखा था" हे दुकानदार चाचांचं वाक्य ऐकल्याशिवाय खरेदी झाली असं वाटत नसे. त्यांनी ती घरासाठी ठेवलेली नव्हती हे आम्हाला ठाऊक होतं, आम्हाला ती हवी आहे हे त्यांना ठाऊक होतं. दोघेही तोंडावरची रेघ हलू देत नसू.

तो खेळ आता संपला. डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या वेबसाइटवर आवृत्ती शोधली की ती मागे कितीला विकली गेली ते समोर येतं. विकणाराही तेच पाहतो, घेणाराही. झाकायला काही उरलं नाही.

आमच्या पारखीचे गोडवे मात्र जपूनच गावेत. 1982 साली चरणजित सिंग यांनी सिंथेसायझरवर 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही एलपी केली. तिला तेव्हा कुणी विचारलं नाही. पुढे परदेशी शौकिनांनी ती शोधली, 2010 मध्ये नव्याने निघाली, आणि अमेरिकेतल्या ॲसिड हाउसच्या आधीचं हे संगीत म्हणून तिचा गाजावाजा झाला. आता मूळ प्रतीची बोली हजारांत होते. उन्हाकडे तिरकी धरून, नखाने चाचपून आमच्यातल्या कितीजणांनी ती पुन्हा ढिगात ठेवली असेल! आम्हाला ओरखडे कळत होते, रेकॉर्ड कळतच होती असं नाही.

आणि तो ढीग तरी आला कुठून? कव्हरावर शाईने 'सप्रेम भेट', खाली लग्नाची तारीख. घरातलं वडीलधारं माणूस गेलं, कॅसेट आली, जागा अपुरी पडली, की अख्खा संग्रह रद्दीवाल्याच्या तराजूत चढे. त्या घराला किलोचा भाव मिळाला, आम्हाला घबाड. आजच्या ॲपने त्या घरावर तरी अन्याय होऊ दिला नसता.

हे आम्हाला हल्ली फार पटू लागलं आहे. कारण आता आमचीच कपाटं भरली आहेत, मुलं गाणी फोनवर ऐकतात, आणि एलपी उन्हाळ्यात वाकू नयेत म्हणून त्या उभ्या ठेवाव्या लागतात हेही त्यांना माहीत नाही. पण फोटो काढून भाव शोधणं त्यांना चांगलं जमतं. तेव्हा घेताना आम्हाला अजूनही भाव न जाणणारा दुकानदार हवा असतो, आणि विकायची वेळ आली की मात्र भाव बिनचूक सांगणारा फोन. जुन्या बाजाराच्या आठवणी आम्ही काढतो त्या बहुतेक घेणाऱ्याच्या बाजूनेच.