डेथ व्हॅलीत विजेचा जमाखर्च

आरव्ही घेऊन फिरणारे दोन प्रकारचे असतात. पहिले, कॅम्पग्राउंडवर पोचल्याबरोबर जाड केबल काढून विजेच्या खांबाला लावतात आणि घरच्यासारखा मायक्रोवेव्ह, हीटर, टीव्ही सगळं चालवतात. दुसरे, जिथे खांबच नाही तिथे जाऊन राहतात. खांबाच्या या जोडणीला इथे 'हुकअप' म्हणतात. आपल्या मंडळातली बरीच कुटुंबं हल्ली आरव्ही भाड्याने घेऊन नॅशनल पार्क बघायला निघतात. पार्कच्या आतल्या बहुतेक जागांना हुकअप नसतो, हे मात्र अनेकांना तिथे गेल्यावरच कळतं. म्हणून हा लेख.

गेल्या डिसेंबरात मुलांच्या सुट्टीत आम्ही सहाजण डेथ व्हॅलीला गेलो. आम्ही दोघं, दोन मुलं, आणि सांगोल्याहून आलेले सासू-सासरे. सासूबाईंना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, त्यामुळे रोज रात्री सीपॅप लावावाच लागतो. निघण्याआधी मैत्रिणींनी विचारलं, खांब नाही तिथे त्यांना नेतेस कशाला? पण आईंना वाळवंट बघायचं होतं, आणि त्या सहसा काही मागत नाहीत.

लॉस एंजेलिसच्या बाजूने गेलं तर बेकरहून उत्तरेला वळायचं, शोशोन मागे टाकायचं आणि मग १९० क्रमांकाच्या रस्त्याने झब्रिस्की पॉइंटवरून खाली उतरायचं. आम्ही सनसेट कॅम्पग्राउंडवर थांबलो. नाव रम्य आहे, जागा म्हणजे खडी पसरलेलं मोठं पार्किंग. समुद्रसपाटीच्या खाली जवळजवळ २०० फूट, आणि झाडाचा पत्ता नाही. बाबा उतरले, चहूकडे बघितलं आणि म्हणाले, "झाड नाही तिथे मुक्काम कसला?" वरच्या अंगाला टेक्सास स्प्रिंग्ज म्हणून देखणी जागा आहे, पण तिथे जनरेटरला पूर्ण बंदी. शिवाय सोलर पॅनलच्या कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी वीज एकदम उतरते. आम्हाला उघडं माळरानच हवं होतं.

आमच्या गाडीत ६ व्होल्टच्या दोन गोल्फकार्ट बॅटऱ्या जोडून १२ व्होल्ट केलेले आहेत. क्षमता २२० अँपिअर-तास. शिशाच्या बॅटरीतलं निम्मंच वापरायचं, वारंवार त्याच्या खाली गेलं की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे हाताशी ११०. हे बाबांना समजावून सांगायला लागले तर ते म्हणाले, "अगं, घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला इतकी वर्षं डिस्टिल्ड वॉटर कोण घालतंय?" लोडशेडिंगच्या दिवसांत दोन ट्यूबलाइट आणि एक पंखा पहाटेपर्यंत कसा पुरवायचा, याचं गणित त्यांनी आमच्या कितीतरी आधी सोडवलेलं होतं. हिशेबाची वही त्यांच्याकडेच गेली.

खर्चाची बाजू अशी. प्रोपेनवर चालणाऱ्या फर्नेसचा पंखा आठेक अँपिअर खेचतो, तो थांबत-थांबत चालला तरी रात्रीचे २५-३० जातात. फ्रिज प्रोपेनवर असला तरी त्याच्या सर्किटला थोडी वीज लागतेच. गॅसगळतीचा अलार्म, पाण्याचा पंप, दिवे, फोन. आईंचं सीपॅप आम्ही इन्व्हर्टरमधून न चालवता त्याच्या १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर लावलं आणि हवा दमट करणारा भाग बंद ठेवला. तो चालू असला तर खर्च कितीतरी पट होतो. अर्थात हे आधी आईंच्या डॉक्टरांना विचारून घेतलं होतं, तुम्हीही विचारा. अशा रीतीने रात्रीचे सोळाएक. इतकीच वीज मायक्रोवेव्ह सात-आठ मिनिटांत खातो! मुलांना हे सांगितल्यावर पॉपकॉर्नची भुणभुण थांबली. सगळं मिळून दिवसाला ७० च्या आसपास.

आता जमेची बाजू. छतावर २०० वॉटचं पॅनल, आणि जमिनीवर ठेवायचं घडीचं १०० वॉटचं. कॅलिफोर्नियात ऊन काय कमी, असं सगळ्यांना वाटतं. बाबा भूगोलाचे शिक्षक होते. त्यांनी दुपारी पाच फुटांची काठी खडीत रोवली आणि मुलांकडून सावली मोजून घेतली. भरली साडेआठ फूट. डिसेंबरच्या अखेरीस इथला सूर्य ऐन दुपारीसुद्धा क्षितिजापासून तीस अंशच वर असतो. सांगोल्यात त्याच दिवशी तो जवळजवळ एकोणपन्नास अंशांवर असतो, तिथे हीच सावली साडेचार फुटांच्या आत राहील. छतावर सपाट पडलेल्या पॅनलला अशा तिरप्या उन्हातलं निम्मंच मिळतं. त्यातून पश्चिमेला पॅनामिंटची रांग, सूर्य लवकर आड जातो. छतावरचं २०० वॉटचं पॅनल दिवसाला ३०-३५ देत होतं आणि जमिनीवरचं १०० वॉटचं, उन्हाकडे तोंड करून उभं केलेलं, जवळपास तेवढंच! बाबा दर दोन तासांनी ते फिरवायचे. गावाकडे वाळवण फिरवतात तसं.

जनरेटर असेल तर तो सकाळीच चालवावा. रिकामी बॅटरी सुरुवातीला भराभर वीज घेते, शेवटचा वीसेक टक्के भाग मात्र तासन् तास मुरत बसतो. ते मुरण्याचं काम उन्हावर सोडावं, त्यासाठी पेट्रोल जाळू नये आणि शेजाऱ्यांची दुपारची झोपही मोडू नये. हे सगळं ठरलेलं होतं, पण दुसऱ्या सकाळी आमचा जनरेटर सुरूच झाला नाही. नवरा तासभर त्याच्याशी झटला आणि काळे हात घेऊन परत आला. त्या दिवशी ऊन चांगलं होतं, निभावलं. तिसऱ्या दिवशी ढग आले, वारा सुटला, पॅनलवर धुळीचा थर बसला. बाबांनी ओल्या फडक्याने पुसलं, तरी मीटरवरचा आकडा दोनच्या वर जाईना.

दुपारी बाबांनी वही माझ्यापुढे ठेवली. रात्रीचा खर्च पन्नास आणि हाताशी त्याहून दोन-चार कमीच.

आई म्हणाल्या, "एक रात्र नाही लावलं यंत्र तर काय होतंय? पोरांना थंडी नको वाजायला." त्या असंच म्हणणार हे मला माहीत होतं. आणि सीपॅपशिवाय झोपल्या की सकाळी त्यांचं डोकं कसं धरतं, दिवसभर त्या कशा पेंगतात, हेही मी पाहिलं होतं. "आई, यंत्र लावायचंच. बाकी काय बंद करायचं ते आम्ही बघतो," मी म्हणाले.

उत्तर बाबांनी काढलं. बॅडवॉटर बघायचं राहिलंच होतं. गाडी धावते तेव्हा इंजिनचा अल्टरनेटर मागच्या बॅटऱ्याही भरतो. जागेवर इंजिन घुरघुरत ठेवून फारसं हाती लागत नाही, रस्त्यावर पळवलं की बरं भरतं. बॅडवॉटर तिथून साधारण १७ मैल. आम्ही गेलो, समुद्रसपाटीच्या खाली २८२ फूट असलेल्या मिठावर उभं राहिलो, उत्तर अमेरिकेतली ती सगळ्यात खोल जमीन. आईंनी वाकून मिठाचा खडा बोटाने चाचपला. ढगांमुळे फोटो काही बरे आले नाहीत. परत येईपर्यंत वीसेक अँपिअर-तास जमा झाले होते.

रात्री फर्नेस ५५ वर ठेवला, मुलांना सोलापुरी चादरी आणि गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या. अशा वेळी ऊब हवी म्हणून गॅसची शेगडी पेटती ठेवून कोणी झोपू नये, कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात. बाहेर चाळीसच्या आसपास होतं, म्हणजे सेल्सिअसमध्ये चार-पाच. दोनदा उठून मी आईंच्या यंत्राचा हिरवा दिवा पाहिला. पहाटे बाबा माझ्याआधी मीटरपाशी उभे होते. १२.२. आमची मर्यादा १२.१ ची होती, त्याच्या खाली म्हणजे निम्म्याच्या खाली. आई सातपर्यंत झोपल्या होत्या.

चौथ्या दिवशी ऊन पडलं आणि पाचव्या दिवशी आम्ही पाहरंपला हुकअपवर आलो. केबल लागताच मुलांनी पॉपकॉर्न लावले आणि आईंनी यंत्रात पाणी भरायला सांगितलं.

लिथियमच्या बॅटऱ्या घ्याव्यात का, असं बरेच जण विचारतात. त्यातली जवळजवळ सगळी वीज वापरता येते, वजनही कमी. मात्र बॅटरी शून्य सेल्सिअसच्या खाली गेली असताना ती चार्ज करायची नसते, हे मिशिगन-मिनेसोटाच्या मंडळींनी लक्षात ठेवावं. आमच्या घरी यावर अजून चर्चा चालू आहे. जनरेटर दुरुस्त झालाय. आई-बाबा डिसेंबरात पुन्हा येताहेत, आणि जमिनीवर ठेवायचं दुसरं पॅनल घेतलं का, असं बाबांनी फोनवर दोनदा विचारून झालंय.