पाण्याला ओढ आहे

शास्त्रातील सूत्रांचा धसका घेऊन कलाशाखेत आलेल्यांपैकी मी एक. पण एक सूत्र मी पोलादपूरकडच्या आमच्या ओढ्यातच शिकले होते, हे फार उशिरा कळले.

पावसाळ्यात शाळेला जायचे तर ओढा ओलांडावा लागे. आजोबा सोबत येत. पात्रात एक काळा कातळ होता. पाणी किती खोल आहे याआधी, ते कातळाच्या तोंडावर किती चढते आहे, हे आजोबा बघत. दोन-तीन बोटे चढले असेल तर म्हणत, "चल बाय, माझ्या खालच्या अंगाला राहा." स्वतः वरच्या अंगाला काठी रोवून चालत. पाण्याचा रेटा त्यांच्या पायांवर फुटे आणि माझ्यापर्यंत निवळून येई. वीतभर चढलेले दिसले की मात्र, "आज नाही. पाण्याला ओढ आहे."

२ ऑगस्ट २०१६ ला माझी चाचणी होती. पाणी कालच्याएवढेच, गुडघाभर. तरी आजोबांनी मला परत आणले. मी रडले, अबोला धरला. त्याच रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. सकाळी बातमी ऐकून आजोबा एवढेच म्हणाले, "अंधारात कातळ दिसत नाही, बाय." माझा अबोला तिथेच गळून पडला.

पुढे विज्ञान शाखेतल्या मैत्रिणीने हिशेब मांडून दाखवला. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. सेकंदाला एक मीटर वेगाचे गुडघाभर पाणी दोन पायांना साधारण सहा किलोच्या जोराने ढकलते. दोन मीटर वेगाचे, पंचवीस किलोच्या. शिवाय बुडालेला भाग पाणी उचलून धरते, त्यामुळे पायाची पकडही सुटते. कातळावर चढणारे पाणीही याच हिशेबाने चढते : एक मीटर वेगाला पाच सेंटीमीटर, दोन मीटरला वीस. म्हणजे जवळजवळ वीतच! खोली तीच राहिली तरी कातळ वेग सांगत होता.

सावित्रीवर २०१७ च्या जूनमध्ये नवा पूल झाला. जुलै २०२१ मध्ये महाड पुन्हा पुरात बुडाले. आमच्या ओढ्यावर आता साकव आहे, आजोबा नाहीत. पावसाळ्यात घरी गेले की साकवावर थांबून मी त्या कातळाकडे बघते. पाणी वीतभर चढलेले दिसले की पलीकडे शाळेला निघालेल्या पोरांना हाक मारते, "खाली उतरू नका रे, साकवावरून या!" पोरे हसतात. हसू देत. मीही तेव्हा रडलेच होते.