टाकणखार

आप्पा मला टाकणखार आणायला सोनाराकडे पाठवत. निघताना दरवेळी बजावत, "लाही केलेला नको, खडाच आण." लाही फुलवली की खारातलं पाणी उडून जातं आणि वजनाचा हिशेब चुकतो, हे मला कितीतरी वर्षांनी उमगलं. शहाद्यातल्या आमच्या छोट्या फोटो स्टुडिओत फिल्म धुवायचा डेव्हलपर घरीच तयार व्हायचा. कोडॅकचा डी-७६, १९२० च्या दशकातला नुसखा. एक लिटर पाण्याला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. बोरॅक्स म्हणजेच सोनार डाख लावताना वापरतो तो टाकणखार. कोमट पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, नंतर बाकीचं. हा क्रम चुकला की मेटॉल नीट विरघळत नाही. केलेलं द्रावण आप्पा रात्रभर तसंच ठेवत.

माझा पहिला कॅमेरा ॲग्फा क्लिक थ्री, १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो. त्या वेळी फिल्म निवडायची म्हणजे दुकानात जी असेल ती घ्यायची. पूर्व जर्मनीची ओर्वो, नाहीतर उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची इंदू. ओर्वोच्या डबीवर एनपी २२ किंवा एनपी २७ असं लिहिलेलं असे. तो आकडा फिल्मच्या वेगाचा, जर्मन डिन मापातला. २२ म्हणजे १२५ एएसए, २७ म्हणजे ४००. लग्नाला, पासपोर्टला २२. २७ चे दाणे जाड म्हणून तिला कोणी हात लावत नसे. मीसुद्धा बारीक दाण्याच्याच मागे होतो. मोठ्या प्रिंटमध्येही दाणा दिसू नये, एवढाच ध्यास.

फिल्मच्या कागदावर धुण्याची वेळ २० अंशांसाठी दिलेली असते. आमच्याकडे २० अंशांचं पाणी फक्त पौषातल्या पहाटे. वैशाखात टाकीचं पाणी हात पोळवायचं. एकदा घाईत मी माठातल्या गार पाण्यात बसवून रोल डेव्हलप केला आणि धुवायला थेट गच्चीवरच्या टाकीचं पाणी सोडलं. जिलेटिनला सुरकुत्या पडल्या; नवरीच्या चेहऱ्यावर भेगाळलेल्या शेतासारखी जाळी उमटली. ते लग्न पुन्हा लागणार नव्हतं. आप्पा मला एक शब्दही बोलले नाहीत, स्वतः त्या घरी जाऊन आले. तेव्हापासून चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत सल्फाइट आणि ॲसेटिक ॲसिडबरोबर तुरटी पडू लागली, जिलेटिन कडक राहावं म्हणून. डी-७६ मध्ये बरोबरीनं पाणी घालून तो वापरायचा, हेही तेव्हाच ठरलं. उष्ण पाण्यात डेव्हलपरचं काम फार लवकर उरकतं, आणि पाच मिनिटांच्या आत धुतलेल्या रोलवर डाग, पट्टे येतात. पातळ केला की वेळ लांबतो, हात सावकाश चालतो. परदेशात हे बारकाव्यासाठी करत असतील; आम्ही उन्हापायी केलं.

मग काठी गावची होळी. अक्कलकुवा तालुक्यातली ती राजवाडी होळी. रात्रभर ढोल, कमरेला भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचे टोप, सावळ्या अंगावर पांढरे ठिपके, आणि पहाटे पेटणारा उंच बांबू. पहिल्या वर्षी मी एनपी २२ नेली आणि उजेडाची उणीव भरून काढायला रोल दुप्पट वेळ धुतला. ज्वाळा आणि ठिपके निगेटिव्हवर काळेकुट्ट झाले. चेहऱ्यांच्या जागी नुसती काच. आप्पांनी निगेटिव्ह दिव्यासमोर धरली. "जिथं उजेड पोचलाच नाही, तिथं धुवून काय आणशील?"

फिल्मबद्दल मला याहून खरं काही कोणी सांगितलेलं नाही. सावली कॅमेऱ्यातच मिळवावी लागते. डेव्हलपरच्या हातात फार तर उजळ भागाचा लगाम असतो. पुढच्या होळीला एनपी २७ नेली, शटर १/१५ वर ठेवलं, आणि पातळ डी-७६ मध्ये नेहमीपेक्षा कमी वेळ धुतली. भोपळे हलले, पिसं पुसट झाली, दाणा तर वाळूसारखा. पण एका म्हाताऱ्या नाचणाऱ्याचे डोळे आले, गालावरचे ठिपके एकेक सुटे आले. बारीक दाण्याची माझी हौस त्या रात्री संपली. ज्या माणसांचा रंग सावळा आणि ज्यांचा सण रात्रीचा, त्यांच्यासाठी वेगवान फिल्म आणि मऊ धुणं हाच न्याय आहे, असं मी तेव्हापासून मानत आलो आहे.

१९९८ मध्ये आमचा नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. पुढे रंगीत लॅब आल्या, ओर्वोच्या डब्या दिसेनाशा झाल्या, उटीचा कारखानाही बंद पडला. आता मी इल्फर्डची एचपी ५ प्लस मागवतो. पातळ डी-७६ मध्ये २० अंशांना अकरा मिनिटं, आणि माठाच्या पाण्यात आठ. होळीच्या रोलला त्यातलंही एक मिनिट कमी.

मेटॉल आता कुरिअरनं येतं. टाकणखार मात्र मी अजून सोनाराकडूनच आणतो, खड्याचा.