हळदीचा रंग

माझ्या कविता वाचून शहरातले वाचक हमखास विचारतात, "तुम्ही रानातले, मग कवितेत निसर्ग एवढा कमी कसा?" त्यांच्या मनात डोंगर, धबधबा, धुकं असतं. आमच्या वसमत तालुक्यात हळद असते. पावसाळ्याच्या तोंडावर बेणं लावायचं आणि माघ-फाल्गुनात काढायचं. मधल्या आठ-नऊ महिन्यांत निंदणी, खत, पाणी. पान न् पान राबवून घेतं. अशा पिकाकडं नुसतं बघत बसायला सवड कुणाला?

यंदा आखाड्यावर शिजवणी चालू असताना पुण्याचे एक कविमित्र आले. पिवळ्याधमक राशी बघायच्या होत्या त्यांना. कुकरच्या वाफेनं सगळं शिवार उग्र वासानं भरलेलं, आणि वाळत घातलेली हळद मात्र मातकट, सुरकुतलेली. मित्रांचा चेहरा उतरला. भावजयीनं एक हळकुंड मोडून त्यांच्या हातावर ठेवलं. आत गर्द नारिंगी. "पालिश केल्याबिगर पिवळी दिसत नाही, भाऊ," म्हणाली आणि पाटी उचलून चालती झाली. तिला काही कवितेवर बोलायचं नव्हतं. मला मात्र त्यापेक्षा नेमकं काव्यशास्त्र कुणी सांगितलेलं नाही. रंग रानातलाच, तो वर येतो तो हातांनी.

आमच्याच तालुक्यातल्या रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव यांचे 'पीकपेरा' आणि 'आम्ही काबाडाचे धनी' हे संग्रह काढून बघा. त्यांतून राबणारी माणसं वगळली तर रानही शिल्लक राहत नाही. त्याआधीची साक्ष कयाधूकाठच्या नर्सीची. परंपरेनं 1270 साली तिथं जन्मलेले नामदेव पाखरू बघतात ते त्याच्या पिसांसाठी नाही. चाऱ्याला गेलेली आई आणि घरट्यात भुकेली पिलं, त्या ओढीत त्यांना विठ्ठल सापडतो. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. पंजाबातल्या माणसाला कयाधू ठाऊक नव्हती, भूक ठाऊक होती.

निसर्गकविता म्हणून जे बरंचसं छापून येतं ते मला बांधावरून लिहिलेलं वाटतं. सुंदर असतं, पण अर्धं असतं.

आणि संयोजकांना एक विनंती. आमच्याकडं कविसंमेलन घ्यायचं तर ऐन काढणीत घेऊ नका. हळद मोंढ्यात गेली की घ्या. तेव्हा ऐकायला माणसं मोकळी असतात.